हँडब्रेकचे अकरा दात

हॅलिफॅक्समध्ये सपाट रस्ता शोधायचा तर खाली तळाशी जावं लागतं.
बाकी सगळा चढ.
किंवा उतार, तुम्ही कुठे राहता त्यावर आहे.
मी वर राहते. हॉस्पिटलची लाँड्री खाली.

माझी मायक्रा वीस वर्षांची, विटक्या निळ्या रंगाची,
मिसेस सटक्लिफकडून चारशे पौंडांत घेतलेली.
"आर्नल्ड गेल्यापासून हललीच नाही गं," त्या म्हणाल्या.
मला वाटलं, म्हणजे नव्यासारखीच की.

पहिल्याच आठवड्यात मागून आवाज,
करपलेल्या भाताची खरवड काढताना उलथनं वाजतं तसा.
मी रेडिओ मोठा केला.
नोव्हेंबरात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं,
मी दोन्ही हातांनी धरून ठेवायचे,
हुडहुडी भरलेल्या पोराला धरावं तसं.
डिसेंबरात डावीकडे ओढायला लागली,
जणू त्या बाजूला हिचं काही विसरून राहिलंय.

हँडब्रेकचं दुखणं वेगळंच.
धडक्या गाडीचा पाचव्या दातावर बसतो म्हणे,
माझा अकराव्यावर. कट् कट् कट्, मी मोजायची,
आणि तरी दार लावल्यावर दोनदा मागे बघायची.
म्हणून वीट.
कोळशाच्या बंद खोलीमागे मिळाली, एका कोपऱ्याचा टवका उडालेली.
रात्रपाळी करून आले की
आधी चाकाला उशी, मग मला.
समोरचा डगी खिडकीतून अंगठा दाखवायचा,
आपल्याकडचा नव्हे, इथला. शाबासकीचा.

लीड्सहून मुलगा: "आई, भंगारात दे ती."
देईन रे. पगार होऊ दे.

जानेवारी. रस्त्यावर मीठ टाकलेलं, पहाटेचे सव्वासहा.
सिग्नल लाल. पाय पेडलवर, आणि पेडल
खाली, खाली,
जिना संपला समजून पाय टाकावा
आणि अंधारात आणखी एक पायरी निघावी.
पुन्हा दाबलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा आत कुठेतरी काहीतरी हाताला लागलं
आणि गाडी बेकरीच्या व्हॅनमागे वीतभर अंतरावर थांबली.
व्हॅनवर लिहिलेलं सगळं मी वाचून काढलं.
फोन नंबरसकट.

पलीकडच्या टेकडीवर व्होइटेकचं गॅरेज.
त्याने गाडी वर उचलली, मला खाली बोलावलं,
मागचा ड्रम ठोकून काढला
तशी मूठभर लाल भुकटी त्याच्या बुटांवर सांडली.
"गंज," माझ्या तोंडून गेलं, मराठीतच.
"गंझ," तो म्हणाला, आणि त्याच्याकडचा शब्द सांगितला,
जो मला अजून म्हणता येत नाही.
मग आमच्या दोघांच्या मोडक्या इंग्रजीत:
चालवून ब्रेक झिजतात. उभी ठेवून सडतात.
झिजलेले परवडले.
ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, थोडं थोडं, कुणाला कळू न देता.
एका पाइपवरून त्याने बोट फिरवलं. ओलं.

मला मिसेस सटक्लिफ आठवल्या,
गाडीवरचं चौकड्यांचं ब्लँकेट घडी करताना
किती वेळ लावला होता त्यांनी.

तीनशे चाळीस झाले.
"दोन वेळा दे," म्हणाला, माझ्याकडे न बघता.

येताना उतारावर, सवयीने,
जीव खाऊन ब्रेक दाबला
आणि गाडी जागच्या जागी.
मागच्या सीटवरची तुरीची डाळ उडाली, फुटली,
सीटखाली, पायपुसण्यांत, दाराच्या फटीत.
मागच्याने हॉर्न मारला. इथे कुणी सहसा मारत नाही.
आरशातच सॉरी म्हटलं.
पायाला कुणी सांगितलंच नव्हतं
की आता एवढं जोर लावून मागावं लागत नाही.

घरासमोर हँडब्रेक ओढला. पाच.
सहाव्याची वाट बघत हात तसाच राहिला.
डिकीतून वीट काढली, हातात घेऊन उभी राहिले.
डगी बघत होता.
ठेवली चाकामागे. आजच्यापुरती.